होडीच्या खोपीला काढलेली पडवी

भाटवाडीत पोराला बांधून ठेवण्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. वाडी वाळूच्या अरुंद पट्टीवर वसलेली. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी, मधे माड आणि माडांच्या मधे घरं. पुरुष पहाटेच रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, गेलेले असत. बायकांना मासळीची पाटी घेऊन तरीने, म्हणजे उतारूंच्या नावेने, खाडीपलीकडे जायचं असे. घरात म्हातारं माणूस असलं तर पोर त्याच्यापाशी राही. नसलं तर काथ्याच्या दोरीचं एक टोक पोराच्या कमरेला आणि दुसरं माडाला. सावली फिरेल तसं पोर माडाभोवती फिरे. आई परत आली की आधी दोरी सोडी, मग पाटी धुई.

हिरालाही लहानपणी असंच बांधत. तिने आपल्या पदूला तसंच बांधलं. तिची गाठ सुटत नसे. एकोणीसशे अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यातही ती सुटली नाही. दोरीच मधे कुजली होती. पदू खाडीच्या कडेला सापडली. कमरेइतक्या पाण्यात ती शांतपणे उभी होती आणि दोरीचा तुकडा पाण्यावर तरंगत होता. शेजारच्या काशीबाईने तिला कसंबसं उचलून आणलं. काशीबाई वाडीतली जुनी मासळी विकणारी. गुडघे गेले म्हणून घरी बसलेली; जीभ मात्र शाबूत होती.

"चेडवाक पोवाक शिकय गो," पदूकडे बोट दाखवत ती हिराला म्हणाली. "दोरयेपेक्षा स्वस्त पडतला."

 दोरीचं तुटकं टोक हिराने बोटांनी चोळून पाहिलं. काथ्या पिठासारखा झाला होता. दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली, आणि जाताना नव्या दोरीने पदूला बांधून गेली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एक गोष्ट बसली, की भाटवाडीतली पोरं माडाला बांधलेली असता कामा नयेत.

पावसाळा सरला आणि रापणीची माणसं किनाऱ्यावर जाळ्यांचा मांगर उभा करायला लागली. दरवर्षीचंच काम ते. वासे पुरायचे, वर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घालायचे, तीन बाजूंना झापांचे कूड करायचे. सकाळी जाळं पाण्यात असतं आणि मांगर रिकामा असतो. रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, दाजी हे हिराचे चुलत सासरे. हिराने त्यांच्याकडे सकाळपुरता मांगर मागितला.

"कित्याक?" दाजींनी विचारलं.

"पोरांक बसवूक."

"पोरां जाळ्यार मुतली तर?"

"मुतली तर मी धुतलंय. तुमच्या जाळ्याक खाऱ्या पाण्याची सवय आसा, दाजीनू."

दाजींनी मांगर दिला. पोरांकडे बघायला माणूस हवं होतं, तेही हिराच्या फिरतीवरचंच निघालं. खाडीपलीकडच्या भिकाजी शेतकऱ्याच्या घरी ती मासळी घाली. त्याची मुलगी विमला सातवी पास होऊन घरात शेण-गोठा करत होती. विमला रोज तरीने येऊ लागली. ती पोरांना गाणी शिकवी, शंख-शिंपले मोजायला लावी, नाकं पुसायला लावी. पगार म्हणून प्रत्येक आई आपल्या पाटीतली थोडी मासळी काढून ठेवी. पण सोमवारी आणि एकादशीला भिकाजीच्या चुलीवर मासळी चढत नसे, आणि विमलाचा तो दिवस फुकट जाई.

मोसम अर्ध्यावर आला तेव्हा भिकाजीने हिराला ओटीवर थांबवलं.

"हिराबाय, तुमच्या मासळयेन माझ्या चेडवाचा लगीन होवचा नाय. येत्या दिवाळयेपर्यंत पगाराचा काय ता बघा. नसलो तर चेडू घराक बसतला."

वाडीतून पगार उभा राहण्यासारखा नव्हता. मांगर रिकामा पडला की पोरं पुन्हा माडाला, हे हिराला दिसत होतं. सरकार संस्थांना अनुदान देतं असं तिने मालवणच्या बाजारात ऐकलं होतं. कोण देतं, कशासाठी देतं, हे सांगणारं कोणी नव्हतं.

सरकार तिला ठाऊक नव्हतं, पण दारं ठाऊक होती. कोणत्या दारात बांगडा खपतो, कोणत्या दारात तिसऱ्यांचे शिंपले, कुठे पुढच्या अंगणातून जायचं आणि कुठे मागच्या, हे ज्या बाईला कळत नाही तिची पाटी संध्याकाळी भरलेलीच परत येते. नव्या गावात गेलं तर पहिल्या दिवशी विकायचं नसतं, विचारायचं असतं. हिराने कचेऱ्या तशाच घेतल्या. मालवणात पाटी विकून झाली की ती विहिरीवर हात-पाय धुई, आंब्याच्या पानाने बोटं घासून वास घालवी, आणि एका कचेरीच्या पायरीवर जाऊन बसे.

"मासळी आणलीस का?" एका शिपायाने विचारलं.

"आणली होती. विकली."

"मग इथे काय काम?"

"इथे घ्यायला आले," हिरा म्हणाली. कचेरीत ती शुद्ध बोले, सावकाश, शब्द वेचून. "तुमच्याकडे कशाला पैसे देतात, एवढंच सांगा."

शिपाई हसला, पण त्याने आत नेलं. पैसे द्याल का, असं ती कुठेच विचारत नसे. तुमच्याकडे कशाला देतात, हा पहिला प्रश्न. पोरांना कोण देतं, हा दुसरा. मासेमारीच्या कचेरीत जाळ्यांना आणि होडीच्या इंजिनांना मिळत होतं, पण पुरुषांची सोसायटी असेल तर. शाळेच्या कचेरीत पोर सहा वर्षांचं व्हावं लागे. तिसऱ्या ठिकाणी रस्ता आणि विहीर. कोणी तिला हाकललं नाही आणि कोणी पुढचं दारही नीट दाखवलं नाही. पुढचं दार ज्याचं त्याने शोधायचं असतं. एका फेरीला अर्धा दिवस जाई आणि त्या दिवशी शिवाचं, म्हणजे नवऱ्याचं, जेवण उशिरा होई. शिवा कुरकुरत नसे. घरी आल्यावर तो एवढंच विचारी, "आज कोणी घेतल्यान?" आणि ती म्हणे, "आज नाय."

शेवटी विकास गटाच्या कचेरीत प्रेमलता भेटली. ही नवी ग्रामसेविका, खांद्याला पिशवी लावून गावोगाव पायी फिरणारी. तिने दुसरा प्रश्न ऐकला आणि खुर्ची पुढे ओढली.

"पोरांना देणारं मुंबईला एक सरकारी मंडळ आहे," ती म्हणाली. "पण एकट्या बाईला नाही देत. बायकांचं मंडळ हवं, त्याची नोंदणी हवी. काम आधीपासून चालू हवं, आणि त्याला जागा हवी. मग त्यांचं माणूस येऊन बघून जातं."

"बघायला केव्हा येतं?"

"ते सांगून येत नाही."

बायकांचं मंडळ उभं राहिलं. काशीबाईला अध्यक्ष केलं, कारण तिच्यापुढे भांडायला कोणी धजत नसे. नोंदणीच्या खेपा हिराने घातल्या. अर्ज प्रेमलताने मांगरात बसून लिहिला, खाली सही मंडळाची चिटणीस म्हणून हिराने केली. जागा कोणती? रापणीचा मांगर. मुलं किती? होती तेवढी सांगितली. काम बाराही महिने चालतं का?

"चालता," हिरा म्हणाली, आणि भोवतीच्या बायकांनी माना हलवल्या.

खोटं बोलावं असं त्यांच्या मनात नव्हतं. पावसाच्या तोंडावर मांगर काढतात, वासे माळ्यावर जातात, जुने झाप चुलीत जातात, आणि नारळी पौर्णिमेनंतर मांगर त्याच जागी पुन्हा उभा राहतो. भाटवाडीतल्या कोणालाही विचारलं, मांगर कुठे आहे, तर भर आषाढात तो मोकळ्या वाळूकडे बोट दाखवील. पावसात मासळी नसते. मासळी नाही तर बायकांची फेरी नाही. मग मांगर कशाला लागतो, असा सरळ हिशोब होता. प्रेमलता घाटावरची. तिला मांगर काढतात हे ठाऊक नव्हतं, आणि वाडीतल्या कोणाला ते सांगावंसं वाटलं नाही.

बघायला येणाऱ्या बाई आषाढातच आल्या.

हिरा तेव्हा भिकाजीच्या शेतात लावणीला गेली होती. पावसात भाटवाडीच्या बायका पलीकडच्या गावांत लावणीची मजुरी करत, तांदूळ घेऊन येत. संध्याकाळी ती चिखलाच्या पायांनी तरीतून उतरली तेव्हा काशीबाई दारात वाट बघत बसली होती.

"मुंबयची बाय इल्ली," काशीबाई म्हणाली. "छत्री घेवन. माका विचारल्यान, बालवाडी खंय? मी म्हटलंय, ती बघा थंय."

"मगे?"

"मगे ती वाळयेकडे बघता, आणि मी तिच्याकडे बघतंय. म्हणता, आजी, तिथे काहीच नाही. मी म्हटलंय, पाऊस आसा म्हणान मांगर काढून ठेवलो. नारळी पुनवेक या, दिसतलो."

वळचणीखाली उभ्या असलेल्या बायका हसल्या. काशीबाई हसली नाही.

"पोरां खंय, विचारल्यान. मी काय सांगू? तिणा आपणच बघितल्यान."

"खंयची पोरां?"

"बांधलेली, गो. पडवेच्या खांबाक. तुझी पदू, शेजारच्या लवूची दोगा, पलीकडची ती बारकी. तुम्ही सगळी लावणयेक. माझ्या गुडघ्यांनी मी कितक्यांच्या पाठी धावू? ती बाय थंय बराच येळ उभी रवली. काय विचारूक नाय. पदूच्या कमरेची दोरी तिणा वायच सैल केल्यान आणि गेली."

हिरा आत गेली. पदू चुलीपाशी बसून भाजलेली फणसाची बी सोलत होती. तिच्या कमरेवर दोरीचा वळ होता. सकाळी ती गाठ हिरानेच मारली होती, घाईत, तरीची वेळ चुकू नये म्हणून. लावणीला जाताना पोर बांधायचं, हे मोजायला ती विसरली होती असं नव्हे. तिने ते कधी मोजलंच नव्हतं. मासळीच्या फेरीपुरतीच पोरं बांधतात, असं तिने प्रेमलताला सांगितलं होतं आणि स्वतःही मानलं होतं.

नकाराचं पत्र श्रावणात आलं. विमलाने ते वाचून दाखवलं. जागा आढळली नाही, काम आढळलं नाही, पुढील वर्षी पुन्हा अर्ज करण्यास हरकत नाही. बायका चिडल्या. त्या बाईला पावसात यायला कोणी सांगितलं होतं, असं त्यांचं म्हणणं. हिरा म्हणाली, "पावसात इली म्हणान तिका दिसला. तुमका दिसला काय? माका तरी खंय दिसला?" 

पहिलं काम भिकाजीकडे होतं. दिवाळीची मुदत जवळ येत होती. हिरा त्याच्या ओटीवर जाऊन बसली आणि अजून एक वर्ष मागितलं. बदल्यात द्यायला तिच्याकडे हात होते, तेच तिने देऊ केले. पुढच्या पावसात भाटवाडीच्या सगळ्या बायका सगळ्यांच्या आधी भिकाजीच्या शेतात उतरतील. लावणी वेळेवर झाली तर शेतकऱ्याला काय मिळतं हे भिकाजीला सांगावं लागत नव्हतं. त्याने सुपारी कातरली, तोंडात टाकली, आणि विमलाला आणखी एक वर्ष दिलं.

दुसरं काम जागेचं. पावसात उभी राहणारी एकच गोष्ट किनाऱ्यावर होती, दाजींच्या होडीची खोप. मोसम संपला की होडी वर ओढून घेत आणि तिच्यावर झापांची मोठी खोप शाकारत. आत होडी कोरडी राही. त्या खोपीत बायका जात नसत. होडीला पाय लागलेला दाजींना चालत नसे. पावसातसुद्धा ते तिच्यापुढे दिवा लावत.

वैशाखात, नवी खोप घालायच्या आधी, हिरा दाजींकडे गेली. ते अंगणात जाळं विणत बसले होते.

"दाजीनू, औंदा खोपयेक एक पडवी काढूया."

"होडी काय पाहुणयांक बसवतली, पडवी कित्याक?"

"पोरांक. पावसात."

दाजींचा हात थांबला. "खोपयेत बायलमाणूस नको. पोरां नकोत. होडी झोपलेली आसता."

"आत नको. भायर. जमनीच्या बाजूक. मधी झापांचो कूड घालू. होडी थंय झोपात, पोरां हंय झोपतली."

"पोरां झोपतत?" दाजी म्हणाले. "तुझा चेडू मागच्या पावसात रडत होता ता माझ्या घरात आयकाक येय."

 "आयकाक येय तर मगे कित्याक सांगूचा?" हिरा म्हणाली.

दाजींनी जाळ्याचे आणखी काही डोळे विणले. मग म्हणाले, "झाप कोण विणतलो? खोपयेपुरतेच पुरे पडनत नाय."

"आम्ही विणतलंव."

"होडयेक पाय लागता नये."

"लागूचो नाय."

झाप विणायला जोर लागत नाही, बैठक लागते. माडाची चुडतं, म्हणजे झावळ्या, खाडीच्या पाण्यात भिजत घालावी लागतात; घाईने काढलेलं चुडत विणताना मोडतं आणि पहिल्या वादळात उडतं. हिराने चुडतं पुरती भिजू दिली. बायका फेरीवरून आल्या की जेवून विणायला बसत. ज्यांची बोटं भराभर चालत त्यांना ती पुन्हा विणायला लावी, कारण भराभर विणलेल्या झापातून उजेड दिसतो, आणि जिथून उजेड येतो तिथून पाणी येतं. काशीबाईला फारसं चालता येत नव्हतं, पण तिचे झाप सगळ्यांत घट्ट होते. विणता विणता तोंड चालू राहीच.

वासे उभे राहिले, झाप चढले, आणि बांधायला सुंभ कमी पडलं. दाजींनी खोपीपुरतं आणलं होतं. मालवणहून आणायचं तर एक दिवस मोडणार आणि आभाळ भरून आलेलं. हिरा घरी गेली आणि पदूची दोरी घेऊन आली. तिने ती वाशाला घातली, आवळली, गाठ मारली. मग बाकीच्या बायकांकडे बघितलं. एकेक जण घरी जाऊन आली. लवूची बायको दोरी हातात धरून थोडी रेंगाळली.

"माका लागली तर?"

"कित्याक लागात?" हिराने विचारलं, आणि हात पुढे केला.

पडवी संध्याकाळपर्यंत बांधून झाली. रात्री पाऊस आला.

नवा अर्ज प्रेमलताने मुंबईला धाडला होताच. तो आषाढ जोराचा गेला. खाडीला पाणी चढलं की तरीची फेरी बंद होई, म्हणून विमला हिराच्याच घरी राहिली. भाटवाडीच्या बायका ठरल्याप्रमाणे आधी भिकाजीच्या शेतात उतरल्या. पोरं पडवीत. मधल्या कुडाच्या पलीकडे होडी, आणि कुडाच्या तोंडाशी दाजी जाळं घेऊन बसलेले. पोरांवर लक्ष ठेवायला आपण बसतो, असं ते कधी म्हणाले नाहीत. आपण होडीवर लक्ष ठेवायला बसतो, असं म्हणत.

एके दिवशी दुपारी पाऊस धरला म्हणून लावणी लवकर थांबली. हिरा तरीवर आली तेव्हा अलीकडे यायला छत्रीवाल्या एक बाई उभ्या होत्या. पायांत रबरी बूट, हातात चामड्याची पिशवी. दोघी एकाच होडीत बसल्या. बाईंनी विचारलं, "तुम्ही भाटवाडीच्या?"

"हो."

"वाडीत बालवाडी आहे म्हणतात. मागच्या वर्षी मी आले तेव्हा नव्हती. मुलं खांबांना बांधलेली होती."

हिराला कळलं की ह्या त्याच. तिच्या पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि बाईंनी तिला ओळखायचं काही कारण नव्हतं. गप्प बसली असती तर होडी अलीकडे लागली असती आणि बाई पडवी बघून गेल्या असत्या.

"त्यातली एक माझी होती," हिरा म्हणाली. "तुम्ही जिची दोरी सैल केलीत, ती."

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "मागच्या अर्जावर सही तुमची होती का?"

"माझी."

"त्यात बाराही महिने लिहिलं होतं."

"लिहिलं होतं. आम्ही मासळीचे महिने धरले. पावसातले धरायचे राहिले. तुम्ही आलात तेव्हा कळलं."

"आणि यंदा?"

"यंदा मी सांगत नाही," हिरा म्हणाली. "तुम्ही बघा."

तर काठाला लागली. पाऊस उभा होता. दोघी वाळूतून चालत खोपीपाशी आल्या. आत पोरं ओळीत बसून विमलाच्या मागून गाणं म्हणत होती, एकाचं लक्ष दुसऱ्याच्या चण्यांवर होतं. बाई वाकून आत शिरायला लागल्या तेव्हा दाजींनी जाळ्यावरून मान वर केली.

"बायनू, पायताणा भायर काढा. हंय होडी आसा."

बाईंनी बूट काढले. त्या पोरांमध्ये बसल्या. वर बघितलं, कुठे गळतंय का ते बघितलं. गळत नव्हतं. दाजींना विचारलं, "आजोबा, ही पडवी पाऊस संपल्यावर काढणार?"

"काढूचीच लागतली. होडी भायर काढूची तर खोप मोडूची लागता," दाजी म्हणाले. "पण त्या दिसा मांगर उभो झालेलो असतलो. आधी तो, मगे ह्यां. माका सांगान ठेवलेला आसा."

"कोणी?"

दाजींनी सुईने हिराकडे दाखवलं आणि पुन्हा विणायला लागले.

अनुदान आलं. मागितलं होतं त्यापेक्षा कमी, आणि एका वर्षापुरतं. विमलाचा पगार त्यातून निघत होता, एवढं पुरे होतं. दर वर्षी नव्याने अर्ज करावा लागे, आणि दर वर्षी हिरा पाटी विकून, बोटांना आंब्याची पानं घासून, कचेरीच्या पायरीवर जाऊन बसे. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका तिला विचारायला येत, कुठे काय मिळतं. ती त्यांना दारं सांगे. पुढे एवढंच जोडी, "मागूच्या आधी आपल्या घरात पावसात काय होता ता बघा." विमलाचं लग्न झालं तेव्हा तिच्या जागी तिने शिकवलेली दुसरी मुलगी आली.

त्या पहिल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर, मांगर उभा झाल्यावर, खोप मोडली. बायकांनी गाठी सोडून दोऱ्या वाळूत एका ढिगात टाकल्या. पावसाने भिजून काळ्या पडल्या होत्या, पण धड होत्या. काम आटोपून बायका पाट्या उचलून तरीकडे गेल्या. ढीग तसाच राहिला.

काशीबाई काठी टेकत आली. तिने ढिगातली एक लांब दोरी निवडली, दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि खांद्यावर टाकली.

"माझ्या शेळयेक," तिने दाजींना सांगितलं, आणि हळूहळू घराकडे गेली.